सात तारीख

पगार सात तारखेच्या आत व्हायला हवा, असा कायदा आहे. टीडीएसही सातलाच. वीसला जीएसटी, आणि मधे कधीतरी लाईटबिल. पार्टीच्या पेमेंटला मात्र तारीख नसते. तिथे ‘या आठवड्यात बघतो’ असतं.

भोसरीत आमचं वर्कशॉप आहे, कागदावर खासगी कंपनी. दोन सीएनसी लेथ, एक जुनं व्हीएमसी, सहा माणसं. पंपांचे शाफ्ट करून देतो. गेल्या पावसाळ्यात चार लाखांचं एक बिल अडकलं. त्यावरचे 72,000 जीएसटी मात्र अडकत नाहीत. बिल फाडलं की पुढच्या महिन्यात वीसला ते देणं. शाफ्टसाठी घेतलेल्या बारचं क्रेडिट वजा जाऊन 34,000 उरले. हातात न आलेल्या पैशांवरचा हा कर. थांबू म्हटलं तर जीएसटीचं 3बी रिटर्न भरल्याशिवाय पुढचं जीएसटीआर-1 भरता येत नाही, ते नाही भरलं की पार्टीला क्रेडिट दिसत नाही, आणि क्रेडिट दिसलं नाही की पार्टी पेमेंट रोखते. घ्या!

चालू खात्यात सात तारखेच्या सकाळी 11,260 रुपये. सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट, काठोकाठ.

बायकोनं पाटल्या पुढे केल्या. गोल्ड लोनवाला अर्ध्या तासात पैसे देतो, कुणी काही विचारत नाही. विचारलं ते आमच्या सीएंनी. संचालकानं कंपनीला पैसे द्यायचे तर ते स्वतःचे आहेत, कुणाकडून कर्जाऊ घेतलेले नाहीत, असं लेखी द्यावं लागतं. “सोनं गहाण टाकून आणलेत तर ते कर्जच झालं ना? मग या कागदावर सही कशी कराल?” वर म्हणाले, वीस हजार किंवा त्याहून जास्त असेल तर रोख आणू नका, बँकेतूनच फिरवा. मला हसू आलं. रोख होती कुठे?

मग एफडी मोडली. एक टक्का व्याज गेलं. बचत खातं आणि कंपनीचं चालू खातं एकाच ॲपवर, एकाखाली एक दिसतात. वरच्यातून खालच्यात दीड लाख टाकायला ओटीपीसकट मिनिटभर लागलं, आणि मुलीच्या दुसऱ्या वर्षाची फी कामगारांचा पगार झाली. पगार झाल्यावर कुणी विचारत नाही पैसे कुठून आले. विचारूही नये.

मोठी रक्कम निदान टॅलीत अनसिक्युअर्ड लोन म्हणून चढते. गळती होते ती किरकोळीत. संध्याकाळी सहाला कटिंगचे इन्सर्ट संपले, माल सकाळी द्यायचा. मी स्कूटर काढली, दहा नगांचा डबा घेतला, 3,304 रुपये स्वतःच्या फोनवरून दिले. घाईत बिल माझ्या नावावर बनलं. कंपनीचा जीएसटी नंबर त्यावर नाही, म्हणजे 504 रुपयांचं क्रेडिट बुडालं. हेल्परचा जवळजवळ एक दिवस. टेम्पोचं भाडं, कूलंटचा कॅन, चहावाल्याचा महिना, हे सगळं असंच खिशातून जातं. त्याच्या चिठ्ठ्या स्कूटरच्या डिकीत भिजून एकमेकींना चिकटतात.

लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असा कायदा 2006 पासून आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. हे व्याज मी एकदाही मागितलेलं नाही. मागितलं तर ते मिळेलही, पण त्यानंतरची ऑर्डर मिळणार नाही. माझ्या एफडीनं खरं तर त्या पार्टीलाच बिनव्याजी उधारी दिली.

एक्याण्णवाव्या दिवशी पेमेंट आलं. बारवाला, कुरिअर, सीसीचं व्याज, परत सात तारीख. माझे दीड लाख तसेच राहिले. मी रांगेत शेवटचा, कारण मी फोन करून मागत नाही.

आता टॅलीत एक नोंद राहिली आहे. खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात, म्हणून बायको कागदावर संचालक आहे. ऑगस्टात तिनं शिकवणीच्या पैशांतून 14,000 परस्पर कंपनीच्या खात्यात टाकले, मला न सांगता. त्या दिवशी लाईट तोडायला माणूस आला होता. नॅरेशनच्या रकान्यात कर्सर लुकलुकतोय. “काय लिहू?” मी विचारलं.

“शिकवणी,” ती म्हणाली, “आणि तारीख घाल.”