दारावरची फुली

पल्स पोलिओच्या फेरीनंतर मुंबईच्या कुठल्याही वस्तीत शिरलात, तर दाराशेजारी खडूनं काढलेला ‘पी’ दिसतो, नाहीतर फुली. सोबत तारीख आणि एक बाण. ‘पी’ म्हणजे पाच वर्षांखालच्या सगळ्या पोरांना थेंब मिळाले. फुली म्हणजे कुणीतरी राहिलं: पोर मामाकडे गेलंय, दाराला कुलूप आहे किंवा आजोबांनी ‘नको’ म्हटलंय. बाण पुढच्या घराची दिशा सांगतो. घाटकोपरच्या असल्फा डोंगरावर एकाच्या छपराला दुसऱ्याचा उंबरठा लागतो. तिथं या बाणाचं मोल कळतं.

हा खडू ज्यांच्या हातात असतो त्यांत महापालिकेची आरोग्य स्वयंसेविका असतेच. कागदावर सीएचव्ही, वस्तीत ‘हेल्थ पोस्टवाल्या ताई’. शहरी गरिबांच्या आरोग्यासाठी नेमलेल्या कृष्णन समितीनं 1982 मध्ये हेल्थ पोस्टची, म्हणजे वस्तीतल्या छोट्या आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. दर 2000 लोकांमागे एक स्त्री स्वयंसेविका आणि महिन्याला 100 रुपये मानधन, असा समितीचा हिशेब होता. 1988 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं मुंबई आणि चेन्नईसाठी लोकसंख्या प्रकल्प आला आणि मुंबईतल्या हेल्थ पोस्टना बळ मिळालं. त्याआधीच, 1970 च्या दशकापासून, रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवत होतं. शहरातल्या ताईंचं नातं मला तिथं दिसतं.

2000 माणसं म्हणजे चारशेच्या वर घरं. कोणती सून गरोदर आहे, कुणाचं बाळ दीड महिन्याचं झालं, कोण बाळंतपणाला माहेरी गेली आणि परत आली की नाही, हे सगळं तिच्या वहीत असतं. गणपतीला कोकणातली आणि मे महिन्यात उत्तरेकडची घरं बंद होतात, त्या दिवसांत फुल्या वाढतात. पोरगं मुलुंडला परततं तेव्हा गावाकडं कोणता डोस झाला हे आईला आठवत नाही. मग कार्ड, तेही नसेल तर डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण, असा शोध चालतो.

लस टोचायचं काम सिस्टरांचं. पण पोलिओच्या कुपीवरची छोटी खूण ताईंनाही वाचता येते, आणि ती खरोखर नवलाची आहे. 1996 पासून वापरात आलेल्या या खुणेत एका वर्तुळात फिकट चौकोन असतो. कुपीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाच्या रंगाला टेकला की कुपी बाद. भारतातला वन्य विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. या यशात लसीच्या शीतपेटीइतकाच वाटा पुन्हा पुन्हा त्याच फुलीपाशी जाणाऱ्या पायांचा आहे.

क्षयरोगात हा पाठलाग आणखी लांबतो. साधा औषधोपचार सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं आणि माणूस गोळ्या सोडतो. इथं ताई दारात उभी राहते. सरकारची पोषणासाठीची मदत 2018 मध्ये महिना 500 रुपये होती, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाली. पण खात्याचा नंबर चुकला तर त्या पैशांचाही पाठपुरावा तिच्याकडेच येतो. 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन फिरणाऱ्यांतही ती होती. 2022 च्या गोवर साथीत मुलं शोधणाऱ्यांतही.

अडचण फक्त डोंगराची नाही. चाळीत दार उघडं असतं, आत बसायला पाटही मिळतो. बोरिवली-अंधेरीच्या टॉवरमध्ये मात्र गेटवरच्या वहीत सही, इंटरकॉम, आणि वरून ‘आमचे डॉक्टर आहेत’ असं उत्तर. त्या मजल्यावरही फुलीच पडते.

इतकं सारं करून तिच्या हुद्द्यात ‘स्वयंसेविका’ हाच शब्द राहिला आणि पगाराच्या जागी ‘मानधन’. मला हे शब्द गैरसोयीचे नाहीत, अन्यायाचे वाटतात. त्याविरुद्ध या बायका संपावर आणि मोर्च्यांतही उतरल्या आहेत.

पुढच्या फेरीत बेल वाजली की पोराचं लसीचं कार्ड हाताशी असू द्या. चुलीवर दूध असलं तरी दार उघडा. तिची अजून बरीच घरं बाकी असतात.