थायमस: टी पेशींची शाळा
(भिवंडी येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

आज एका छोट्याशा ग्रंथीबद्दल बोलू. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला ती असते. नाव थायमस. मराठीत हिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात, कारण लहानपणी ती मोठी असते आणि वयाबरोबर आक्रसत जाते. तिचं काम काय, हे १९६१ साली जॅक मिलर यांनी दाखवलं. नवजात उंदरांची थायमस काढली, तर त्यांना संसर्ग सहज होऊ लागले. दुसऱ्या उंदराची त्वचा लावली, तर शरीर ती नाकारेना. म्हणजे आपलं-परकं ओळखणारंच कोणी उरलं नव्हतं.

हे ओळखणाऱ्या असतात टी पेशी. त्यांच्या पूर्वज पेशी हाडांतल्या मज्जेत जन्मतात आणि रक्तातून थायमसमध्ये येतात. तेव्हा त्या अगदी कच्च्या असतात. टी पेशीच होतील असंही नसतं. दुसऱ्या प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशीही होऊ शकतात. थायमसमध्ये त्यांना ‘नॉच’ नावाचा संदेश मिळतो आणि टी पेशीची वाट पक्की होते.

पुढे पेशी आपल्याच जनुकांचे तुकडे कापून, जोडून स्वतःचा ग्राहक रेणू तयार करते. इथे राजनोली नाक्यासारखे फाटे फुटतात. थोड्या पेशी ‘गॅमा-डेल्टा’ वाटेने जातात, बहुतेक ‘अल्फा-बीटा’ वाटेने. या दुसऱ्या पेशींवर काही काळ सीडी-४ आणि सीडी-८ या दोन्ही खुणा असतात.

मग परीक्षा. मागावरून उतरलेला तागा जसा तपासणीला जातो, तसंच. ज्या पेशीला काहीच ओळखता येत नाही, ती मरते. जी स्वतःच्या शरीराला घट्ट धरते, तीही बहुधा बाद होते. नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी इथेच संपतात! उरलेल्यांतल्या सीडी-४ वाल्या मुख्यतः मदतनीस होतात, सीडी-८ वाल्या मारक.

आता हे आपल्याला कशाला हवं? काही बाळांमध्ये जनुकीय दोषामुळे ही शाळा भरतच नाही. या आजाराला ‘सिड’ म्हणतात. बाळ जन्मतः धडधाकट दिसतं, पण काही महिन्यांत न्यूमोनिया, जुलाब, तोंडातली बुरशी सुरू होते, हटत नाही. अशा बाळाला बीसीजीसारखी जिवंत जंतूंची लसही घातक ठरू शकते. बीसीजी चांगली लस आहे, बाळांना ती द्यायलाच हवी. पण घरात आधीचं मूल, किंवा आईचा भाऊ, तान्हेपणी संसर्गाने गेला असेल, तर लस देण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

पहिली पायरी साधी सीबीसी तपासणी आहे. तान्ह्या बाळाच्या रक्तात लिम्फोसाइट ३,००० पेक्षा कमी असतील, तर ‘बाळ आहे, होईल ठीक’ म्हणून सोडू नका. पुढच्या तपासण्या परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होतात. वेळेत निदान झालं, तर मूळपेशी प्रत्यारोपणाने बाळ वाचू शकतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.