नव्या दुकानाची बोहनी

जिंतूर तालुक्यातील चारठाण्यासारख्या गावात कोणी नवे दुकान टाकले की पहिले गिऱ्हाईक ओळखीचेच असते. चुलतभाऊ, शेजारी, नाहीतर मशिदीतला सोबती. आपण कौतुकाने जातो, वस्तू घेतो आणि म्हणतो, "पैसे नंतर देतो." दुकानदार बिचारा अडचणीत! नाही म्हणावे तर नाते दुखावते, हो म्हणावे तर उद्याचा माल कशाने भरायचा?

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून मदीनेला आले. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांचे भाऊ बनवले. साद यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुआ दिली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. बनू कैनुकाच्या बाजारातून त्या दिवशी ते नफ्याचे पनीर आणि तूप घेऊनच परतले. पुढे ते मोठे व्यापारी झाले.

असा कष्टाने उभा राहणारा माणूस आपल्या गल्लीत असेल, तर आपण त्याची बोहनी रोखीनेच करावी. उधारी झालीच तर ती लिहून ठेवावी. सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचे देणे लिहिण्याचा हुकूम आहे. मग नात्यात वही काढायला संकोच कसला?

दुकानदारानेही माप पुरे द्यावे, मालातला दोष आधीच सांगावा. पहिल्यांदा आपण भिडेखातर जातो. दुसऱ्यांदा जातो ते माल चांगला म्हणून. अल्लाह अशा हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.