शुक्रवारचा बाजार

सिल्वासातल्या सूत कारखान्यांत मशीन पुसायला चिंध्यांची पोती येतात. जुना सुती कपडा, फाडून सारख्या तुकड्यांचा केलेला, वजनावर घेतलेला. दिवसभर आम्ही पॉलिएस्टरचं सूत काढतो, पण त्या सुतावरचं तेल पुसायला पॉलिएस्टर चालत नाही. त्याने तेल नुसतं पसरतं आणि तापलेल्या हीटरजवळ नेलं तर कापडच चिकटून बसतं. तिथे सुतीच लागतं, आणि तेही धुऊन धुऊन मऊ झालेलं.

मागच्या पावसाळ्यात अशाच एका पोत्यातून अर्धा शर्ट हाताला आला. कॉलर शाबूत होती आणि कॉलरच्या आत शिंप्याचं लेबल होतं. दुकानाचं नाव विरलेलं, खालचं ‘गिरगाव, मुंबई ४’ मात्र लाल दोऱ्यात स्पष्ट. पुढच्या पट्टीवर बटणं नव्हती. बटणांच्या जागी दोऱ्याचे पाच ठिपके तेवढे होते. कुणीतरी कात्रीने नीट, कापडाला धक्का न लावता काढून घेतली होती. माझी आई अगदी तसंच करायची. बोहारणीला कपडे द्यायच्या आदल्या रात्री ती बटणं उतरवून बिस्किटांच्या डब्यात टाकायची आणि सकाळी एका पातेल्यावरून तासभर घासाघीस व्हायची.

गिरगावातला शर्ट सिल्वासात कसा पोचला, हे मला बघायचं होतं. कारखान्याला चिंध्या पुरवणाऱ्याने एवढंच सांगितलं, “मुंबईत कामाठीपुऱ्याकडे जा, शुक्रवारी. पहाटे जा. उजाडल्यावर गेलात तर काही दिसणार नाही.”

आमच्या रांधा गावाहून मुंबईला जायचं म्हणजे आधी सिल्वासा, मग वापी आणि वापीहून रेल्वे. गुरुवारी रात्रीची गाडी धरली की मध्यरात्रीनंतर मुंबई सेंट्रलला उतरता येतं. उरलेला वेळ प्रतीक्षालयात काढायचा. पावणेचारला बाहेर पडलं आणि बेलासिस रोडने चालू लागलं की कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या लागतात. तेलंगणातून बांधकामावर आलेल्या कामाठी मजुरांवरून हे नाव पडलं. गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत. त्यातल्या एका तुकड्याला सगळे ‘दीड गल्ली’ म्हणतात आणि शुक्रवारी पहाटे तिथे जुन्या चपला-बुटांचा बाजार भरतो.

आधी आवाज येत नाही, उजेड दिसतो. माणसं मोबाइलचा टॉर्च बुटात घालून आतला तळ बघतात. त्यामुळे अंधारात जमिनीलगत शंभर-दोनशे ठिपके हलताना दिसतात. जवळ गेल्यावर कळतं की दोन्ही कडांना प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या आहेत आणि त्यांवर जोड्या मांडल्यात. खेळाचे बूट, ऑफिसचे काळे बूट, लग्नात एकदाच घातलेल्या मोजड्या, शाळेचे पांढरे कॅनव्हास. एका ताडपत्रीवर नुसते डावे बूट होते. उजवे शेजारच्या गोणीत होते आणि एक मुलगा खाली बसून जोड्या जुळवत होता.

इथे गिऱ्हाईक घासाघीस करतं ती नंतर. आधी बुटाची तपासणी होते. शेजारी उभ्या असलेल्या एका दुकानदाराने मला ती दाखवली. तो ठाण्याकडून माल घ्यायला आला होता. टाच दोन्ही अंगठ्यांनी आत दाबायची. परत वर आली तर आतला पुठ्ठा चांगला आहे. बूट मधोमध वाकवायचा आणि सोलच्या कडेला चीर पडते का ते बघायचं. मग नाकाशी न्यायचा. ताज्या सोल्यूशनचा वास आला तर सोल काल रात्री चिकटवलेला आहे. त्यात फसवणूक नाही, असं तो म्हणाला. दुरुस्ती झाली आहे एवढंच त्यातून कळतं, आणि दुरुस्ती चांगली असेल तर तो दोन पैसे जास्तही देतो. मला त्याने लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज निवडून दिले. आमच्याकडच्या कंत्राटी कामगारांना ते सहसा स्वतःच्या खिशातून घ्यावे लागतात, म्हणून मी दोन जोड घेतले. नव्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी किंमत पडली. एक जोड आजही माझ्या पायात आहे.

या गल्लीकडे नजर टाकून ‘चोरीच्या चपला’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. देवळाबाहेरून गेलेला एखादा जोड इथे येतही असेल. पण तेवढ्यावर बाजार चालत नाही. बाजार चालतो तो घराघरांतून, भंगारवाल्यांकडून, दुकानांच्या उरलेल्या मालातून गोळा होणाऱ्या बुटांवर, आणि रात्रभर बसून ते शिवणाऱ्या, चिकटवणाऱ्या, रंगवणाऱ्या हातांवर. शहर जी वस्तू संपली म्हणून टाकतं, तिच्यात किती वापर शिल्लक आहे हे सांगणारी माणसं इथे बसतात. हे शिक्षण कुठल्या शाळेत मिळत नाही.

कपड्यांची माणसं मला त्याच भागात, दोन टाकी नाक्याच्या दिशेने जाताना भेटली. आपल्याकडे दारावर येणाऱ्या बोहारणी बहुतेक वाघरी समाजाच्या. गुजरातेत हा समाज स्वतःला देवीपूजक म्हणवतो. डोक्यावरच्या टोपलीत स्टीलची भांडी घेऊन त्या निघतात आणि संध्याकाळी त्याच टोपलीत कपड्यांची गाठोडी घेऊन परततात. दिल्लीच्या रघुबीरनगरमध्येही असाच मोठा बाजार पहाटेच्या अंधारात सुरू होतो. लूसी नॉरिस या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ बाईंनी त्याचा माग काढत भारतातल्या जुन्या कपड्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते 2010 मध्ये आलं. आपल्या आयांनी हाच व्यवहार दारात उभं राहून आयुष्यभर केला. बोहारीण पुढे कुठे जाते हे मात्र आपण कधी विचारलं नाही.

पासष्टीच्या एक मावशी गाठोडं सोडून बसल्या होत्या. त्यांचे हात चालू होते, डोळे माझ्याकडे. साडी हातात आली की आधी काठाची जर बोटांत चोळायच्या. खरी जर वेगळ्या ढिगात, कारण ती जाळून चांदी काढणारे वेगळे. पॉलिएस्टरच्या साड्या वेगळ्या; आमच्या सिल्वासाच्या सुताच्याही त्यांत असणार. पँटी एकीकडे. शर्ट मात्र दोन ढिगांत पडत होते आणि फरक मला कळेना. शेवटी विचारलं.

“बटणं,” त्या म्हणाल्या. “बटणं असली तर शर्ट. नसली तर चिंधी.”

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. बटणांसकट शर्ट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून विकला जातो. रस्त्यावर विकला जातो, आणि आठवडे बाजारांत फिरणारे व्यापारी गठ्ठ्याने नेतातही. पालघर, जव्हार, तलासरी आणि पार आमच्या बाजूलाही. बटणं काढलेल्या शर्टाला पुन्हा पाच-सहा सारखी बटणं आणून शिवायची तर दोरा, बटण, मजुरी मिळून विक्रीत काही उरत नाही. मग तो चिंधीवाल्याकडे किलोवर जातो. किलोमागे किती, तेही त्यांनी सांगितलं. एका बऱ्या शर्टाला मिळतं त्याच्यापुढे ते काहीच नाही.

आमच्या दादरा-नगर हवेलीत हाटाला सुकट-बोंबलाच्या, विळे-कोयत्यांच्या, बांबूच्या टोपल्यांच्या शेजारी जुन्या कपड्यांचा ढीग असतो. पहिल्या पावसानंतर शेवळं विकायला आलेली वारली बाई त्या पैशांतून मुलाला त्याच ढिगातला शर्ट घेते. हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. तो शर्ट आणि आमच्या मशीनवरची चिंधी एकाच गाठोड्यातून निघतात, हे मला त्या पहाटे कळलं.

साडेसात-आठपर्यंत गल्ली रिकामी होते. मग मौलाना शौकत अली रोडने, म्हणजे जुन्या ग्रँट रोडने, चोर बाजार गाठायचा. मुख्य रस्ता मटण स्ट्रीट. इतर दिवशी इथे ग्रामोफोन, जहाजांचे पितळी दिवे, झुंबरं, जुनी सिनेमाची पोस्टरं यांची दुकानं उघडी असतात. शुक्रवारी बरीचशी बंद असतात आणि त्यांच्या समोर रस्त्यावर जुम्मा बाजार पसरतो. ‘शोर’ बाजाराचा इंग्रजांच्या तोंडी ‘चोर’ झाला, अशी एक कथा सांगतात. दुसरी कथा व्हिक्टोरिया राणीचं चोरीला गेलेलं व्हायोलिन इथे सापडल्याची. राणी भारतात कधी आलीच नाही, तरी ही कथा दर पिढीला नव्याने ऐकायला मिळते.

प्रवासी म्हणून येणाऱ्याला दुकानांपेक्षा हा शुक्रवारचा रस्ता जास्त काही दाखवतो. कुलुपं नसलेल्या किल्ल्यांचे जुडगे, रिमोटचे ढीग, शिलाई मशीनचे सुटे शटल, गाड्यांचे आरसे, मोजमापाची पितळी पट्टी. घरात एखादा भाग मोडून अडलेली माणसं हातात तो मोडका तुकडा घेऊन जोड शोधत फिरत असतात. मिक्सरच्या भांड्याखालचं रबरी चाक मिळाल्यावर एका आजोबांचा चेहरा उजळलेला मी पाहिला.

एका चादरीवर नाणी होती. त्यांत एक पोर्तुगीज, तांबे-निकेलचं, बरंच जड: ‘एस्तादो दा इंडिया’, एक रुपिया, 1952. विकणारा म्हणाला, गोव्याचं आहे. मी म्हटलं, आमचंही आहे. 1783 मध्ये मराठ्यांनी नगर हवेलीचा महसूल पोर्तुगीजांना दिला, त्यांच्या ‘संताना’ जहाजाच्या नुकसानभरपाईपोटी. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा मोकळं झालं. म्हणजे हे नाणं आमच्या हाटांत जेमतेम दोन वर्षं फिरलं असेल. त्याने ते परत घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, आणि किंमत न वाढवता मला दिलं.

या बाजारांवर टांगती तलवार कायमची आहे. शेजारच्या भेंडी बाजाराचा साडेसोळा एकरांवर पुनर्विकास चालू आहे. 2017 च्या ऑगस्टमध्ये तिथली हुसेनी इमारत कोसळून 33 माणसं गेली, तेव्हा जुन्या इमारतींचं काही करायला हवं यात वाद नाही. पण नव्या टॉवरच्या खाली चादर पसरायला जागा कुठे राहणार, हा प्रश्न राहतोच. अहमदाबादचा गुजरी बाजार अहमदशहाच्या काळापासूनचा, 1414 चा मानतात. नदीकाठच्या प्रकल्पात तो हलवायचं ठरलं, विक्रेते न्यायालयात गेले, आणि 2014 मध्ये साबरमतीच्या काठीच आखीव ओट्यांवर त्यांना जागा मिळाली. पॅरिसमध्ये 1880 च्या दशकात पुबेल नावाच्या अधिकाऱ्याने घरोघरी कचऱ्याचे डबे सक्तीचे केले, चिंध्या वेचणाऱ्यांची रोजी गेली आणि शहराच्या वेशीबाहेर सेंट-उएनला त्यांचा बाजार वाढला. आज तो बघायला जगभरातून लोक जातात.

आपल्याकडे कायदा आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ अशी व्याख्याच आहे: जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले ती जागा. पन्नास वर्षांहून जुने असे बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही त्याच्या परिशिष्टात म्हटलंय. मुंबईचा जुम्मा बाजार, पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, हे या व्याख्येत बसतात, यात मला शंका नाही. महापालिकांनी ते लिहून, नकाशावर आखून जाहीर करावं.

तुम्ही जाणार असाल तर सुट्टे पैसे न्या आणि फोटो विचारून काढा. पहाटे तर काढूच नका. मालाची ओळख नसेल तर तसं सांगा, कुणीतरी शिकवतं. काहीतरी विकत घ्या.

आणि घरी बोहारीण आली की शर्टाची बटणं काढून घेऊ नका. तशीच राहू द्या.