आमचा मारिओ सावकाश धावायचा

खड्डा पहिल्याच फेरीतला होता. शाळेत असताना मी तो बोलता बोलता, खाता खाता, प्रसंगी आईच्या हाकेला ओ देता देता ओलांडत असे. परवा त्याच खड्ड्यात मी लागोपाठ चार वेळा पडलो. शेजारी बसलेल्या चिरंजीवांनी आधी दया दाखवली, मग हसू आवरले आणि शेवटी विचारले, "बाबा, तुला खरंच येत होतं का हे?"

वय वर्षे अकरा. याच वयात, 1993 साली, माझ्या घरी व्हिडिओ गेम आला होता. वडिलांनी बोनसमधून आणलेला. पांढरे-लाल खोके, दोन रिमोट, एक प्लॅस्टिकची बंदूक आणि 'इतके हजार इन वन' असे छापलेली पिवळी कॅसेट. प्रत्यक्षात तीत खेळ सातच, बाकी सगळी त्यांचीच वेगवेगळी नावे. ते खोके पुढे कुणाला तरी दिले गेले. आता मुलाला ते दाखवावे असे मनात आले आणि माझा शोध सुरू झाला. घरच्या अर्थमंत्र्यांनी तीन हजार रुपये मंजूर केले. "पोराच्या नावावर स्वतःची हौस," हा शेरा त्याखाली होताच.

पहिला धडा मी 1,299 रुपये देऊन शिकलो. सध्या जुन्या खेळांच्या नावाने छोटी चकचकीत यंत्रे घरपोच मिळतात. टीव्हीच्या मागे खोचायची, दोन बिनतारी रिमोट हातात घ्यायचे आणि हजारो खेळ तयार. जाहिरात खोटी म्हणता येणार नाही, खेळ खरोखरच चालू झाले. पण काहीतरी चुकत होते. बटण दाबल्यावर मारिओ उडी मारायचा खरा, पण क्षणभर विचार करून. शिवाय सगळे जरा घाईत चालल्यासारखे वाटत होते. त्याच यंत्रावर मी त्या खड्ड्यात पडत होतो. मी मनाशी म्हटले, वय झाले. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे निदान फार लवकर पटते.

तरीही अस्सल यंत्र मिळाले तर पाहावे म्हणून चौकशी केली. अस्सल म्हणजे निन्टेन्डोचे 'फॅमिकॉम'. 15 जुलै 1983 रोजी ते जपानमध्ये 14,800 येनला विक्रीस आले. आत सेकंदाला सुमारे 18 लाख ठोके देणारा आठ बिटांचा प्रोसेसर आणि अवघी दोन किलोबाइट कामाची स्मृती. 1985 सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा आख्खा खेळ 40 किलोबाइटमध्ये मावतो. आज मोबाइलवर येणारे एक 'शुभ सकाळ'चे चित्रसुद्धा त्याहून जड असते. हे यंत्र आणि त्याची परदेशी भावंडे मिळून जगभर सहा कोटींहून अधिक विकली गेली. म्हणजे ते काही दुर्मीळ नाही. पण 'व्हिंटेज' हा शब्द चिकटला की भंगाराचे सोने होते. यंत्राची किंमत, जपानहून आणण्याचा खर्च, वर सीमाशुल्क, असा हिशेब मांडला आणि मी वही मिटली. त्यातून जपानची वीज 100 व्होल्टची. तिकडचा अडॅप्टर आपल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये खोचला की धुराशिवाय काही हाती लागायचे नाही.

आणि मग एक साधी गोष्ट लक्षात आली. आमच्या घरी अस्सल फॅमिकॉम होते तरी कधी? नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या बहुतेक घरांत आली ती त्याची नक्कल, तैवान-चीनकडून आलेली. पुढे पुढे तर मूळ यंत्रातल्या निरनिराळ्या चिपांचे काम एकाच चिपमध्ये कोंबले गेले, आणि ती चिप काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली झाकलेली असे. कॅसेटमधले खेळही बिनपरवान्याचेच. आमच्या पिढीचा बराचसा डिजिटल आनंद चोरीच्या मालावर पोसलेला आहे, हे आता कबूल करायला हरकत नाही. पण मग मला हवे होते ते अस्सल यंत्र नव्हेच. मला हवी होती अस्सल नक्कल!

तिच्यासाठी पुण्यात एकच ठिकाण आठवले. मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी भरणारा. गंजलेले पाने, पितळी अडकित्ते, एकेकटे पडलेले बूट यांमधून वाट काढत तीन रविवार घालवले. तिसऱ्या रविवारी वायरींच्या ढिगाखाली ते पांढरे-लाल खोके दिसले. बंदुकीसकट. विकणाऱ्याने पाचशे सांगितले, साडेतीनशेला सौदा झाला. दोन कॅसेट शंभर-शंभरला मिळाल्या. चालते का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "चालायला काय झालंय? घरी न्या, लावा." जुन्या बाजारातली हमी एवढीच असते, आणि ती बाजार उठेपर्यंतच.

घरी लावले, चालले नाही. इथे मी एक शहाणपण केले, तेही योगायोगाने. हाताला येईल तो अडॅप्टर त्यात खोचला नाही. या यंत्रांना साधारण नऊ व्होल्टचा डीसी प्रवाह लागतो आणि पिनच्या आत अधिक आहे की उणे, हे यंत्रागणिक बदलते. उलटे लागले तर आतले भाग जाऊ शकतात. म्हणून खोके उचलून ओळखीच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार काका सत्तरीचे. त्यांनी झाकण उघडून मीटर लावला आणि पाचच मिनिटांत एक तीन पायांचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. "7805 गेलाय. नऊ व्होल्टाचे पाच करतो तो. वीस रुपयांची वस्तू." मग मला म्हणाले, "आणि कॅसेटमध्ये फुंकर मारायची नाही. लहानपणी मारलीत तेवढी पुरे. तोंडातली वाफ तिथे बसते आणि गंज धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा." त्या फुंकरेने खेळ सुरू होतो यावर आमच्या पिढीची श्रद्धा होती. खरे तर कॅसेट काढून परत बसवली की संपर्क नव्याने जुळायचा. श्रेय मात्र फुंकरेला. मजुरीसकट शंभर रुपये झाले. काकांनी लिहून दिलेल्या मापाचा अडॅप्टर तपकीर गल्लीत एकशेवीसला मिळाला.

यंत्र चालू झाले, पण घरातल्या मोठ्या सपाट टीव्हीवर चित्र थरथरत होते आणि बटण अजूनही उशिराच लागत होते. काका म्हणाले, "याला डबा टीव्हीच पाहिजे, साहेब." त्यांच्या दुकानात कोपऱ्यात एक चौदा इंची रंगीत टीव्ही होता. गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून गेले ते परत आलेच नाही. दुरुस्त करून सातशेला देतो म्हणाले. रिक्षाला एकशेऐंशी. वजन असे की रिक्षावाल्याने विचारले, "तिजोरी आहे का?"

जुन्या टीव्हीत चित्र साठवलेच जात नाही. यंत्राकडून खूण आली की इलेक्ट्रॉनचा झोत तसाच पडद्यावर रेघा ओढत जातो. नवा टीव्ही आलेले चित्र आधी आकड्यांत बदलतो, साठवतो, दोनशेचाळीस ओळींचे हजारावर ओळींत ताणतो, नटवतो आणि मग दाखवतो. यात सेकंदाचा बारीकसा अंश जातो. बातम्या बघताना तो कळत नाही, उडी मारताना कळतो. त्या टीव्हीत 'गेम मोड' असेल तर तो जरूर चालू करावा, फरक पडतो. बंदुकीचे मात्र कशानेच भागत नाही. 1984 सालच्या 'डक हंट'मध्ये चाप ओढला की पडदा निमिषभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड शोधतो. नव्या टीव्हीवर चौकोन उशिरा येतो, तोवर बंदुकीने 'नेम चुकला' असा निकाल दिलेला असतो. डबा टीव्हीवर चिरंजीवांनी पहिल्या गोळीत बदक पाडले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच आदर दिसला. माझ्याविषयी नव्हे, टीव्हीविषयी.

मग मारिओ लावला. खड्डा आला. मी ओलांडला. पुढचाही ओलांडला. तेहतीस वर्षांपूर्वीचा हात परत आला होता! खरेच वय झाले नव्हते तर! ही शौर्यकथा मी दुसऱ्या दिवशी काकांना ऐकवली. ते शांतपणे म्हणाले, "हात नाही आला परत. पन्नास-साठचा फरक आहे तो."

ते सांगू लागले. जपान-अमेरिकेतली टीव्हीची पद्धत एनटीएससी, सेकंदाला साठ चित्रांची. आपली पाल, पन्नासची. व्हीसीआरच्या दिवसांत परदेशाहून आणलेली यंत्रे आपल्या टीव्हीला जुळवून देण्यात त्यांची उमेद गेली होती, म्हणून हे त्यांना तोंडपाठ. या खेळांत मारिओचे पाऊल घड्याळावर पडत नाही, प्रत्येक चित्रागणिक पडते. पाल टीव्हीसाठी बनलेल्या आमच्या नकली यंत्रात चित्रे सेकंदाला पन्नास. म्हणजे जपानी मुलाचा जो खेळ पन्नास सेकंदांत संपे, तोच आम्हाला साठ सेकंद पुरे. संगीतसुद्धा त्याच संथ लयीत. ते चकचकीत नवे यंत्र घाईत नव्हते. ते जपानच्या मूळ वेगाने चालत होते. संथ होतो ते आम्ही.

हे ऐकून घरी आलो आणि जुन्या लॅपटॉपवर 'एम्युलेटर' बसवला. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी ही प्रणाली. माझ्यासारख्यांना खरे तर हाच सर्वांत स्वस्त मार्ग. माळ्यावर पडलेला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप किंवा 2012 पासून मिळणारा रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक या कामाला पुरून उरतो. प्रणाली फुकट असते, खेळ मात्र कायद्याने अजूनही कुणाच्या तरी मालकीचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. तिच्यात यंत्राचा प्रकार निवडण्याची यादी होती : एनटीएससी, पाल आणि 'डेंडी'. हे तिसरे काय? तर 1992 साली रशियात विकायला आलेली फॅमिकॉमची नक्कल. युरोपातल्या अस्सल पाल यंत्रात प्रोसेसरचा वेगही उतरवला होता. नकलाकारांनी तो जपानी वेगाच्या जवळपास ठेवला, म्हणजे जपानी कॅसेट बिघडू नयेत, आणि चित्रे तेवढी पन्नास केली. मी 'डेंडी' निवडले आणि आमच्या दिवाणखान्यातला 1993 सालचा मारिओ लॅपटॉपच्या पडद्यावर धावू लागला. आमच्या बालपणाचा वेग जगाने जपून ठेवला आहे, फक्त रशियन नावाखाली.

तेव्हा ज्यांना हा नाद करायचा आहे त्यांना माझे सांगणे एवढेच. आधी पैसे काढू नका, माळा काढा. आत्याकडे, मामाकडे विचारा. घरातल्या जुन्या संगणकावर खेळून पाहा आणि तुम्हाला नेमके काय आठवते ते ओळखा. तेवढ्याने समाधान झाले तर तिथेच थांबा. बंदूक हवी असेल, बटणाखालचा तो तत्काळपणा हवा असेल, तर मात्र डबा टीव्ही शोधा. तो स्वतः कधी उघडू नका, बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट दबा धरून असू शकतात. आणि नको झाला तर कचऱ्यात फेकू नका. त्याच्या काचेत शिसे असते.

खेळ कुठे जाणार नाहीत. चाळीस किलोबाइट जपून ठेवायला कितीशी जागा लागते? ट्यूब मात्र विझत चालल्या आहेत, आणि झाकण उघडून पाच मिनिटांत 'सात हजार आठशे पाच' ओळखणारी बोटेही. काकांचा मुलगा दुसऱ्या व्यवसायात आहे. दिवाळीनंतर दुकान बंद करायचे म्हणतात. स्वस्त काय आणि महाग काय, हे बाजार ठरवत नाही हो. शेजारी दुरुस्त करणारा आहे की नाही, यावर ते ठरते. काका होते म्हणून माझे काम वीस रुपयांच्या तुकड्यावर भागले. ते नसते तर तेच खोके कचरा ठरले असते.

तीन हजारांतले एक्कावन्न रुपये उरले. त्यांचे आम्ही बापलेकांनी वडापाव खाल्ले. येताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुझा मारिओ स्लो आहे, पण बरा आहे. विचार करायला वेळ मिळतो."

काकांच्या दुकानावरून जाताना त्याने आत डोकावून पाहिले. काका कुणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. "आत ये," ते म्हणाले, "हा स्क्रू धर." तो गेला. मी बाहेर थांबलो. घाई नव्हती.