कासव रागीट नसतं, घाबरलेलं असतं

मे महिन्यात आमच्या गावतळ्याचा गाळ काढताना चिखलात एक कासव निघालं. हालचाल काहीच नाही. सगळ्या म्हणाल्या, मेलं. सावलीत ठेवून पाणी शिंपडलं, तर अर्ध्या तासानं नाक बाहेर आलं! मग एका ताईनं ते घमेल्यात घालून घरी नेलं. म्हणाली, लक्ष्मी चालून आली. दोन दिवस त्यानं काही खाल्लं नाही, वर बोटाला चावलं. "फार रागीट आहे गं," अशी तक्रार बैठकीत आली.

पण मैत्रिणींनो, हा राग नव्हे, भीती आहे. आपल्या तळ्या-विहिरींत दिसणाऱ्या या कासवाच्या पोटाखाली कातडीच्या झडपा असतात. धोका वाटला की मान आणि पाय आत ओढून ते झडपा मिटून घेतं. तरीही हातात धरून ठेवलं, तर लांब मान काढून चावतं. पाणी आटलं की ओल्या चिखलात पुरून घेऊन पावसाची वाट पाहतं. म्हणून ते मेल्यासारखं वाटलं.

त्याचा खरा स्वभाव पाहायचा असेल, तर सकाळी काठावर गुपचूप बसा. श्वासासाठी नाकाचं टोक पाण्यावर येतं. दगडावर ऊन खात बसतं. आपल्या पावलांची चाहूल लागली की सुळकन पाण्यात. गोगलगायी, किडे, बेडूक, पाणवनस्पती आणि मेलेले मासेही ते खातं. म्हणजे तळ्याची साफसफाईच करतं.

आणखी एक. वीस नखांचं कासव आणा, पैशांचा पाऊस पाडतो, असं सांगणारे भोंदू गावोगाव फिरतात. आमच्या कासवाची नखं आम्ही मोजली. एका पायाला तीन, चार पायांची बारा! या जातीची नखं एवढीच असतात. वीस नखांचं असलं, तरी कासवातून पैसा निघत नाही. उलट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हे कासव पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. बचत गटात साठवलेला पैसा वकिलाला द्यायचा का?

गाळ काढताना कासव सापडलं, तर तिथंच जवळ ओल्या, सावलीच्या जागी ठेवा. जखमी असेल तर वनरक्षकाला कळवा.

त्या ताईनं त्याच संध्याकाळी कासव तळ्याकाठच्या चिखलात सोडलं. पाऊस झाल्यावर धुणं धुताना तिनंच हाक मारली, "अगं, ते बघा नाक!" आम्ही सगळ्या जागच्या जागी थांबून बघत राहिलो.