मार्गदर्शक संवेदकातील प्रतिमादोष

मार्गदर्शक संवेदक हा खगोलीय कॅमेऱ्यातील एक लहान, दुय्यम प्रकाशसंवेदक होय. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचे तारे दर सेकंदाला सुमारे १५ आर्कसेकंद सरकताना दिसतात (१ आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). दुर्बिणीची मोटार ही गती भरून काढते. तिच्यात राहणारी चूक टिपण्यासाठी मुख्य संवेदक प्रकाश गोळा करत असताना मार्गदर्शक संवेदक एका ताऱ्याचे स्थान दर काही सेकंदांनी मोजतो आणि संगणक त्यानुसार दुर्बीण किंचित हलवतो.

१९९० च्या दशकातील एसबीआयजी कंपनीच्या एसटी-७ व एसटी-८ या सीसीडी कॅमेऱ्यांत दोन्ही संवेदक शेजारी-शेजारी बसवलेले होते. मार्गदर्शनासाठी त्यांत टीसी-२११ ही १९२ × १६४ पिक्सेलांची चिप वापरली गेली. असे जुने कॅमेरे हौशी निरीक्षक आजही वापरतात.

खोटा तारा

वयोमानानुसार संवेदकातील तप्त पिक्सेलांची संख्या वाढते. प्रकाश नसतानाही अशा पिक्सेलात विद्युतभार जमतो, त्यामुळे अंधाऱ्या प्रतिमेत तो ताऱ्यासारखा चमकतो. मार्गदर्शक तारा मंद असेल तर संगणक चुकून या ठिपक्यालाच तारा समजतो. ठिपका जागचा हलत नसल्याने दुरुस्तीची गरजच नोंदवली जात नाही आणि मार्गदर्शनाचा आलेख जवळजवळ सरळ रेषेत येतो. प्रत्यक्षात दुर्बीण भरकटत असते व तासाभराच्या छायाचित्रात तारे रेघांसारखे उमटतात. वातावरणामुळे खरा तारा नेहमी थोडा थरथरतो. म्हणून अतिशय निर्दोष आलेख हाच येथे संशयाचा पहिला मुद्दा ठरतो.

खरा तारा अनेक पिक्सेलांवर पसरतो, हा भेद जुन्या चिपवर पुरेसा ठरत नाही. टीसी-२११ चा एक पिक्सेल १३.७५ × १६ मायक्रोमीटर आहे. ५०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर तो सुमारे ५.७ × ६.६ आर्कसेकंद आकाश व्यापतो, त्यामुळे खरा ताराही जवळपास एकाच पिक्सेलात मावतो. अशा वेळी दुर्बीण थोडी हलवून पाहावी लागते. तारा प्रतिमेत सरकतो, तप्त पिक्सेल सरकत नाही.

दोषाचे मूळ शोधणे

दुर्बिणीचे तोंड झाकून, नेहमीइतक्याच कालावधीची व त्याच तापमानाची प्रतिमा घेणे ही मुख्य चाचणी होय. या प्रतिमेस डार्क फ्रेम म्हणतात. दोष तिच्यातही दिसला तर त्याचे मूळ संवेदकात किंवा विद्युतमंडलात असते. फक्त उघड्या दुर्बिणीत दिसला तर ते प्रकाशमार्गात असते.

डार्क फ्रेममधील ठिपके दर वेळी त्याच जागी आले तर ते तप्त पिक्सेल. जागा बदलत राहिले तर बहुधा वैश्विक किरणांचे आघात. एखादा स्तंभ ठरावीक बिंदूपासून पुढे सलग उजळ असेल तर त्या बिंदूवरील पिक्सेल सदोष असतो, कारण वाचनाच्या वेळी पलीकडच्या पिक्सेलांचा भार त्याच्यातूनच पुढे सरकतो. सरकत्या आडव्या किंवा तिरक्या पट्ट्यांचा संवेदकाशी बहुधा संबंध नसतो. वीजपुरवठ्यातील वाळलेले कपॅसिटर, गंजलेली जोडणी किंवा सदोष भूसंपर्क यांमुळे त्या उमटतात. बॅटरीवर कॅमेरा चालवताच पट्ट्या गेल्या तर शंका मिटते.

शीतकरण सुरू केल्यावर वाढत जाणारे धूसर डाग हे संवेदकावर जमलेल्या हिमाचे लक्षण आहे. कॅमेऱ्यातील शोषक द्रव्य आर्द्रतेने संपृक्त झाल्यावर असे घडते. ते बाहेर काढून, उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला भाजून पुन्हा वापरता येते.

उपाय

तप्त पिक्सेलांवर डार्क फ्रेम वजा करणे हा रूढ उपाय आहे. मात्र तापमान ६ ते ७ अंश सेल्सिअसने वाढले की अंधारप्रवाह साधारण दुप्पट होतो. त्यामुळे संध्याकाळी घेतलेली डार्क फ्रेम वेगळ्या तापमानाला उपयोगी पडत नाही. अनेक डार्क फ्रेमांची सरासरी घेतल्यास वजाबाकीतून येणारा गोंगाट कमी होतो. एसटी-७ सारख्या रचनेत गाळणी दोन्ही संवेदकांपुढे असते, म्हणून हायड्रोजन-अल्फा गाळणी लावल्यावर मार्गदर्शक ताराही मंदावतो आणि खोट्या ताऱ्याचा धोका सर्वाधिक असतो. सदोष स्तंभापासून दूरचा, शक्य तितका तेजस्वी तारा निवडणे तेव्हा आवश्यक ठरते.

हे उपाय पुरे पडत नसल्यास मार्गदर्शनाचे काम लहान जोड-दुर्बिणीवरील वेगळ्या कॅमेऱ्याकडे सोपवतात आणि जुन्या कॅमेऱ्याचा केवळ मुख्य संवेदक वापरात ठेवतात.